गाडी नसलेल्याची राखीव जागा

ग्रंथपालांकडे गाडी नव्हती, गाडीची हौस नव्हती आणि गाडी चालवताही येत नव्हती. पण गाडीला जागा मात्र होती, आणि तीही चांगली ऐसपैस, खांबाला लागून, कोरडी, पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली. त्यांची जुनी इमारत पाडून नवी बांधली, तेव्हा पालिकेच्या नियमाप्रमाणे दर घरामागे एका गाडीची जागा सोडणं सक्तीचं होतं. तुमच्याकडे गाडी आहे का, असं नियमाने कुणालाही विचारलं नाही. एवढी जागा सोडायची कुठून, तर तळमजल्यावरून. म्हणून तळमजला गेला, आणि तळमजल्याबरोबर त्यांच्या घराची बाहेरची खोलीही गेली. त्या खोलीत त्यांची बायको शिवणकाम करायची.

नव्या घरात शिवणाच्या मशीनला झोपायच्या खोलीत जागा मिळाली. खरं सांगायचं तर मशीनला मिळाली आणि ग्रंथपालांची गेली. ते पाय मशीनखाली घालून झोपत आणि सकाळी उठताना रोज त्याच गुडघ्यावर आपटत. माप द्यायला बायका आल्या की ग्रंथपालांना स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागे. एकदा वाचनालयात एका आजोबांनी त्यांच्या कॉलरला अडकलेली टाचणी काढून दिली आणि वर 'घरी सगळं ठीक आहे ना?' अशी चौकशीही केली. आता या प्रश्नाला भरल्या वाचनालयात माणसाने काय उत्तर द्यावं?

पण खरी काळजी वेगळीच होती. बायकोने एका शाळेच्या गणवेशांचं मोठं काम घेतलं होतं आणि कापड पसरायला घरात वीतभर मोकळी जमीन नव्हती. एका दुपारी पलंगावरच पाठीच्या बाजू कापता कापता ती म्हणाली, "हे बघा, नीट जागा झाली नाही तर हे काम मी परत करणार. आणि मशीन विकून टाकणार."

ती रागाने बोलली असती तर ग्रंथपालांना बरं वाटलं असतं. रागाचं काय, तो संध्याकाळपर्यंत उतरतो. पण ती अगदी शांतपणे, कात्री न थांबवता बोलली. ते मशीन तिने लग्नाआधी स्वतःच्या कमाईने घेतलं होतं आणि ग्रंथपालांपेक्षा ते तिच्या जास्त सवयीचं होतं. ग्रंथपालांनी हातातलं पुस्तक मिटलं. ते म्हणाले, "थांब, मी बघतो." हे शब्द त्यांनी उच्चारले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

खाली जाऊन दोघांनी आपली राखीव जागा टेप लावून मोजली. मशीन इथे, कापायचं टेबल इथे, मापं घ्यायला इथे एक पडदा. "अहो, आपल्या स्वयंपाकघरापेक्षा मोठी आहे की ही!" बायको म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा खुलला.

आता दुसरा कुणीही असता तर त्याने त्याच संध्याकाळी मशीन खाली आणून मांडलं असतं. पण ग्रंथपाल म्हणजे रिकाम्या बसमध्येसुद्धा राखीव आसनावर न बसणारा माणूस. स्वतःच घरी नेलेलं पुस्तक एक दिवस उशिरा आणलं म्हणून त्यांनी स्वतःलाच दंड करून स्वतःच्याच हाताने पावती फाडली होती. तेव्हा त्यांनी ठरवलं, आधी रीतसर परवानगी काढायची.

"परवानगी?" इमारतीचे सेक्रेटरी उडालेच. "अहो, ठेवा की गुपचूप! कोण बघतंय?" सेक्रेटरींच्या स्वतःच्या जागेत एक सोफा, एक व्यायामाचं यंत्र आणि चार तुटक्या खुर्च्या होत्या. त्यांची गाडी बाहेर रस्त्यावर झाडाखाली असे. वरच्या मजल्यावरच्या काकांनी आपल्या जागेत फडताळं लावून गोदाम केलं होतं. एकूण इमारतीत जागेवर उभी अशी एकही गाडी नव्हती, आणि सगळे सुखात होते.

"तसं नको," ग्रंथपाल म्हणाले. "उद्या कुणी विचारलं तर आपल्याकडे कागद हवा."

कागद घेऊन ते पालिकेत गेले. तिथल्या अधिकाऱ्याने अर्ज वाचला, उलटा करून मागे काही आहे का तेही पाहिलं. या कामासाठी त्यांच्याकडे आजवर कुणी आलंच नव्हतं.

"गाडी कोणती आहे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"गाडी नाही."

"मग जागा कशाला घेतलीत?"

"मी नाही घेतली. तुम्ही दिलीत."

"आम्ही कुणाला जागा देत नाही," अधिकारी दुखावल्या आवाजात म्हणाले. "आम्ही फक्त सक्ती करतो."

"मग ती परत घ्या आणि आमची खोली आम्हाला द्या."

"तशी तरतूद नाही. हे बघा, इमारतीत जागा नसली की लोक गाड्या रस्त्यावर लावतात. मग आगीचा बंब अडकतो, रुग्णवाहिका अडकते आणि शिव्या आम्ही खातो. आज तुमच्याकडे गाडी नसेल, उद्या घ्याल."

"मी नाही घेणार."

"तुमच्यानंतर तिथे राहायला येणारा घेईल."

"म्हणजे जो माणूस अजून आलाच नाही, त्याच्या गाडीसाठी माझ्या बायकोने आज काम बंद ठेवायचं?"

अधिकाऱ्याने यावर क्षणभर विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "हो." सगळ्यात वाईट म्हणजे बंबाचा मुद्दा ग्रंथपालांना पटला होता. समोरचा माणूस मूर्ख असला की चिडायला मोकळीक असते. हा माणूस अर्धा बरोबर होता, त्यामुळे ग्रंथपालांची पार कोंडी झाली.

अर्ज आलाय म्हटल्यावर पाहणी करणं आलं. पाहणीला अधिकारी स्वतःच्या गाडीतून आले. इमारतीत गाडी लावायला गेले तर सोफा, फडताळं आणि व्यायामाचं यंत्र. रस्त्यावर सेक्रेटरींची गाडी आणि इतर मंडळी. शेवटी कुठेतरी लांब गाडी लावून ते भर उन्हातून चालत आले. मग त्यांनी घामाघूम अवस्थेत, ग्रंथपालांनीच आणून दिलेलं पाणी पीत, इमारतीतल्या एकूण एक घराला नोटीस काढली की जागा रिकाम्या करा, इथे फक्त वाहन उभं राहील.

त्या आठवड्यात सगळ्यांचं सामान वर चढलं. सेक्रेटरींचा सोफा लिफ्टमध्ये आडवा अडकला आणि अख्खी इमारत जिन्याने ये-जा करू लागली. लोक मजल्यामजल्याला दम खायला थांबत आणि थांबले की ग्रंथपालांचं नाव घेत. सकाळी नमस्कार करणारे काका त्यांना पाहून तोंड फिरवू लागले. आयुष्यभर नियमाने वागलेल्या माणसाकडे लोक चोराकडे बघावं तसे बघू लागले, हे ग्रंथपालांना फार लागलं.

"पण तुम्ही विचारायला गेलातच कशाला?" बायकोने कपाळावर हात मारला.

"नियमाप्रमाणे..."

"चुलीत घाला तो नियम! तिकडे शाळेची बाई रोज विचारतेय, कपडे कुठवर आले म्हणून. काय सांगू तिला? माझे यजमान अर्ज करताहेत?"

अशा वेळी घरात मेहुणा येतो. तो नेहमी अशाच वेळी येतो. मेहुण्याला ठराविक असं काही काम नव्हतं, त्यामुळे त्याला जगातल्या सगळ्या कामांची माहिती होती. पलंगावरचं कापड बाजूला सारून तो ऐसपैस बसला आणि त्याने सगळी हकिकत ऐकून घेतली.

"दाजी, नियम काय म्हणतो? जागेत वाहनच उभं राहिलं पाहिजे. बरोबर? मग करा की उभं! वाहनात बसून माणसाने काय करायचं, यावर नियम काही म्हणतो का?"

ग्रंथपालांनी नियमावली काढून पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. वाहनात शिवणकाम करू नये असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यांना एकदम हलकं वाटलं. गाडी न घेणाऱ्या माणसाला गाडी घ्यावी लागते आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले, आणि तोवर मेहुण्याने व्हॅन आणून उभी केली होती.

ती एका बेकरीची जुनी व्हॅन होती. दोन्ही बाजूंना पावाचं चित्र, अर्धं उडालेलं. आतला पावाचा वास काही केल्या जाईना, त्यामुळे माप द्यायला येणाऱ्या बायकांना भूक लागे. पण आत मशीन छान बसलं, मागची दारं उघडली की भरपूर उजेड येई, आणि कापायचं टेबल दारांसमोर आखलेल्या पट्ट्यांच्या आत बरोबर मावलं. पायाने चालवायचं मशीन, त्यामुळे विजेचाही प्रश्न नव्हता. बायको सकाळी खाली जाई ती दुपारी जेवायलाच वर येई. सदऱ्यांचे ढीग वाढू लागले. ग्रंथपाल वाचनालयातून आल्यावर चहाचे दोन कप घेऊन खाली जात आणि पुढच्या आसनावर, स्टिअरिंगसमोर बसून पीत. मागून मशीनचा आवाज येई आणि ती काहीतरी गुणगुणत असे. त्या दिवसांत ग्रंथपाल खरोखर सुखी होते.

सेक्रेटरींना ते बघवलं नाही. त्यांचा सोफा अजून चौथ्या मजल्यावर लिफ्टमध्येच अडकलेला होता. त्यांनी तक्रार केली, आणि अधिकारी पुन्हा आले. या वेळी चालतच, कारण त्यांनीही धडा घेतला होता. त्यांनी व्हॅनभोवती एक फेरी मारली, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "ही चालते?"

"चालते," ग्रंथपाल म्हणाले.

"कोण चालवतं?"

ग्रंथपालांनी स्टिअरिंगकडे पाहिलं. खोटं बोलायची सवय नसली की माणूस अशा वेळी उघडा पडतो.

"न चालणारी गाडी म्हणजे सामान," अधिकारी म्हणाले. "आणि सामानाला इथे बंदी आहे. पुढच्या महिन्यात याच नियमावर पालिकेत जनसुनावणी आहे. नव्या इमारतींत पार्किंगची सक्ती ठेवावी की काढावी, यावर लोकांनी बोलायचं. त्या दिवशी तुम्ही स्वतः ही गाडी चालवत आणून मला दाखवा. नाहीतर मला ती हलवावी लागेल."

अशा रीतीने, ज्या वयात लोक डोळ्यांनी दिसत नाही म्हणून गाडी चालवणं सोडतात, त्या वयात ग्रंथपाल गाडी शिकू लागले. शिकवणारा मास्तर हट्टाकट्टा, बोलका गडी होता. शेवटी शेवटी तो बोलेनासा झाला. रस्त्याकडेला कुणी नुसतं उभं असलं तरी ग्रंथपाल गाडी थांबवून त्याला ओलांडायची खूण करत. कुणाला ओलांडायचंच नसे. तो मानेने नाही म्हणे, हे हाताने या म्हणत, आणि मागून भोंग्यांचा गजर सुरू होई. परवाना मिळाला तेव्हा मास्तर म्हणाला, "तुमच्याकडून एकही नियम मोडला गेला नाही हो काका. तेवढंच फक्त चुकलं."

सुनावणीसाठी ग्रंथपालांनी भाषण लिहून काढलं. घर माणसांसाठी की गाड्यांसाठी, ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्यावर सक्ती का, असे त्यात खणखणीत सवाल होते. बायकोला वाचून दाखवलं तेव्हा तिने काज करता करता "छान आहे" म्हटलं. आता त्या दिवशी नेमकं असं झालं की गणवेश त्याच संध्याकाळी द्यायचे होते आणि पाच-सहा सदऱ्यांच्या बाह्या राहिल्या होत्या.

"तू उतर, मी जाऊन येतो," ग्रंथपाल म्हणाले.

"उतरून काय करू? मशीन गाडीत आहे ना! तुम्ही चालवा, मी शिवते."

गाडी निघाली. वाटेत दर वळणाला मागून सूचना येत होती, "अहो, जरा हळू घ्या, शिवण तिरकी जातेय." ग्रंथपालांनी घाम पुसत, कुणालाही न तुडवता गाडी पालिकेपर्यंत आणली. त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला. मग ते गाडी लावायला जागा शोधू लागले.

पालिकेच्या इमारतीला पार्किंग नव्हतं. ती नियमाच्या आधीची होती. शिवाय नियम राहत्या घरांना होता, आणि पालिकेत कुणी राहत नसे. आतल्या आवारात साहेब लोकांच्या गाड्या. बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजू बंपरला बंपर लागलेल्या. ग्रंथपालांनी इमारतीला एक फेरी मारली, मग दुसरी मारली. कोपऱ्यावरचा चपलांचा दुकानदार पायरीवर बसून बघत होता. तिसऱ्या फेरीला त्याने हात केला. पुढच्या फेरीला त्याने आपुलकीने विचारलं, "अजून नाही का मिळाली?" त्याच्या पुढच्या फेरीला त्याने दुकानातल्या माणसांनाही बाहेर बोलावलं.

आणि फेऱ्या मारता मारता ग्रंथपालांच्या आत काहीतरी बदलायला लागलं. रस्त्यावर उभ्या असलेल्या एकेका गाडीचा त्यांना मनापासून राग येऊ लागला. या लोकांना घरं नाहीत का? घरांना तळमजले नाहीत का? कुणी बांधू दिल्या या इमारती, ज्यांच्या गाड्या अशा उघड्यावर पडल्यात? एका दाराशी रिकामी जागा दिसली म्हणून त्यांनी गाडी वळवली, तर तिथे कुणीतरी कुंडी ठेवलेली. ग्रंथपालांच्या तोंडून असा एक शब्द गेला की मागचं मशीन थांबलं.

"काय म्हणालात?"

"काही नाही. तू शिव."

सुनावणी सुरू होऊन बराच वेळ झाला होता. शेवटी त्यांनी पालिकेच्या फाटकाशीच, 'गाडी उभी करू नये' या पाटीखाली व्हॅन थांबवली. आत माणूस बसलेला असला तर गाडी उभी केली असं होत नाही, नुसती थांबवली असं होतं, असा मुद्दा त्यांनी जिना चढता चढता स्वतःला पटवून दिला.

सभागृह भरलं होतं. एक मुलगी बोलत होती, "मी बसने जाते-येते. ज्या जागेत मी कधी पाय ठेवत नाही, तिची किंमत माझ्या घरभाड्यात का?" ग्रंथपालांनी मान डोलावली. मग एक म्हातारे उठले. त्यांच्या फाटकासमोर शेजारच्या नव्या इमारतीतले लोक गाड्या लावतात आणि त्यांना डॉक्टरकडे जायला स्वतःच्याच कुंपणावरून उतरावं लागतं. ग्रंथपालांनी यावरही मान डोलावली, आणि जरा जास्तच जोरात. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं.

ते उभे राहिले. हातात भाषण होतं, पण घामाने अक्षरं फुटली होती आणि डोक्यात त्या सगळ्या फेऱ्या गरगरत होत्या. समोर ते अधिकारी बसले होते. ग्रंथपालांनी तोंड उघडलं आणि आतून आवाज आला, "दोन! दर घरामागे दोन गाड्यांची जागा पाहिजे! आणि या इमारतीला चार मजले पार्किंग पाहिजे! सक्तीने!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत सेक्रेटरी उभे राहून टाळ्या वाजवत होते. ती बसने जाणारी मुलगी मात्र त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होती की ग्रंथपालांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "तसं नव्हे, मला म्हणायचं होतं..." ते चाचरले. पण वेळ संपल्याची घंटा झाली आणि कारकुनाने त्यांचं म्हणणं लिहूनही घेतलं.

"उत्तम मांडलंत," अधिकारी बाहेर येऊन म्हणाले. "चला, गाडी बघू."

ते दोघं फाटकाशी आले. तिथे पाटी होती. पाटीखाली काही नव्हतं.

"उचलून नेली हो," कोपऱ्यावरून चपलांचा दुकानदार ओरडला. "आतून खडखड आवाज येत होता. क्रेनवाल्यांना वाटलं इंजिन बिघडलंय!"

उचललेल्या गाड्यांचं आवार गावाबाहेर, जुन्या बसच्या शेडमध्ये होतं. ग्रंथपाल रिक्षाने तिथे पोचेपर्यंत त्यांच्या डोळ्यांसमोर काय काय येऊन गेलं. ती रडत असेल, ती उलटी लटकलेली असेल, ती आता आयुष्यात आपल्याशी बोलणार नाही. ते धावतच आत शिरले.

आत उंच छप्पर होतं, वरच्या काचांमधून स्वच्छ उजेड येत होता आणि वारा खेळत होता. एका काळ्या लांबलचक गाडीच्या पलीकडे पावाची व्हॅन उभी होती, मागची दारं सताड उघडी. दारांसमोर एका मोठ्या बाकावर उरलेलं कापड पूर्णच्या पूर्ण पसरलेलं होतं, कुठेही घडी न पडता. आवाराचा रखवालदार नुसत्या बनियनवर अदबीने उभा होता आणि त्याचा सदरा मशीनवर होता.

"या," बायको म्हणाली. "गणवेश गेले. यांनी फोन लावून दिला, माझा भाऊ येऊन घेऊन गेला मघाशीच. शाळेची बाई पुढच्या वर्षाचंही काम देणार म्हणतेय."

"अगं, पण तू ओरडायचं नाहीस का? गाडी उचलली तेव्हा?"

"बाही अर्धी सुईखाली होती. ओरडू कशी?" तिने दोरा तोडला आणि छपराकडे पाहिलं. "बघा ना, केवढी जागा आहे. आणि कुणाचा म्हणून त्रास नाही."

ग्रंथपालांनी तिच्याकडे पाहिलं. तळमजला गेल्यापासून ती इतकी मोकळी, हातपाय पसरून बसलेली त्यांना दिसली नव्हती. त्यांचा सगळा थकवा, सगळा अपमान त्या एका दर्शनाने कुठल्या कुठे गेला, आणि त्यांना तिचा फार लोभ वाटला.

खिडकीतला कारकून बाहेर आला. "काका, गाडी तुमची ना? दंड भरा आणि घेऊन जा."

"आणि नाही नेली तर?"

"तर राहील इथेच. दिवसाचं भाडं लागतं थोडंसं. लोक वर्ष वर्ष नेत नाहीत." त्याने हात पुढे केला. "किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

किल्ली ग्रंथपालांच्या सदऱ्याच्या खिशात होती. वरून हात ठेवला तर लागत होती. त्यांनी रखवालदाराकडे पाहिलं, अख्ख्या पसरलेल्या कापडाकडे पाहिलं, आणि आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली.

"किल्ली सापडत नाहीये," ते म्हणाले.

"सावकाश शोधा," बायको मशीनवरून म्हणाली, आणि तिने रखवालदाराची दुसरी बाही सुईखाली घेतली.